लाल टोपण की केशरी? ४० चं आणि १०० चं इन्सुलिन

धायरीच्या एका आजींची गोष्ट आधी सांगते. आमच्या वॉर्डमधून घरी गेल्या तेव्हा त्यांना सकाळी १६ युनिट इन्सुलिन होतं. सिरिंज कशी भरायची, पोटावरची जागा रोज कशी बदलायची, हे सगळं त्यांनी माझ्यासमोर स्वतः करून दाखवलं होतं. दीड महिन्याने तपासलं तर उपाशीपोटी साखर पावणेतीनशे. डोस आधी २२ केला, मग ३०. साखर थोडी हलली, एवढंच. आणि एका दुपारी घरच्यांनी आजींना रिक्षातून आणलं. घामाने चिंब, जीभ जड झालेली, सुनेलाही ओळखेनात. साखर ३८.

जेवण नेहमीचं होतं, डोसही ठरलेलाच. बदललं होतं फक्त सिरिंजचं पाकीट.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. १० मिलीच्या काचेच्या बाटलीत बहुतेक वेळा ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणाऱ्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या नळीत, १०० चं असतं, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. काही प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या येतात, त्यामुळे ‘बाटली म्हणजे ४०’ असं धरून चालू नका. औषध तेच, फक्त एक पातळ आणि एक दाट. कोकमाचं आगळ आणि त्याची तयार सोलकढी यांत जसा फरक, तसा. चमचाभर आगळात जो आंबटपणा असतो, त्यासाठी सोलकढी वाटीभर लागते. युनिट म्हणजे तो आंबटपणा, चमचा किंवा वाटी नव्हे.

सिरिंजवरचे आकडे मात्र एकाच ताकदीसाठी छापलेले असतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. दोन्ही सारख्याच बारीक दिसतात आणि दोन्हींवर १६ चा आकडा सापडतो. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ पर्यंत भरलं तर ०.४ मिली औषध येतं, केशरीत १६ पर्यंत भरलं तर ०.१६ मिली.

आजींची लाल टोपणाची पाकिटं संपली होती. नातवाने ऑफिसातून येताना दुसऱ्याच दुकानात ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हणून मागितली आणि केशरी टोपणाची मिळाली. बाटली ४० चीच. म्हणजे आजी १६ समजून ६.४ युनिट घेत होत्या. ३० सांगितले तेव्हा शरीरात १२ जात होते. मग सुनेने जुन्या दुकानातून लाल टोपणाची पाकिटं आणली आणि त्या दिवशी आजींना पहिल्यांदाच खरे ३० युनिट मिळाले, सुरुवातीच्या डोसच्या जवळपास दुप्पट. मला या प्रकाराची भीती वाटते ती यासाठीच. चूक होते एका महिन्यात आणि माणूस कोसळतो दुसऱ्या महिन्यात, तोवर चूक शोधायची कुठे हेही कुणाला आठवत नाही.

उलटी चूक लगेच अंगावर येते. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ पर्यंत भरलं तर ४० युनिट जातात, अडीचपट. हे होतं कधी? पेन बिघडतं आणि कुणीतरी कार्ट्रिजमध्येच सुई खुपसून औषध ओढतं. किंवा आई-बाबा मुलाकडे अमेरिकेला सहा महिने राहून येतात. तिकडच्या बाटल्या १०० च्या. उरलेली बाटली जपून आणतात आणि कोथरूडच्या घरात कपाटात ठेवलेल्या जुन्या लाल सिरिंज वापरायला घेतात. पुण्यात अशी घरं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढूच नका. पेन बंद पडलं तर डॉक्टरांना फोन करा.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, ३०/७० किंवा ५०/५०. तो ताकदीचा नाही. लवकर काम करणारं आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन किती प्रमाणात मिसळलंय, ते त्यावरून कळतं. ताकद पाहायची ती ‘४० आययू’ किंवा ‘१०० आययू’ अशी, प्रति मिली लिहिलेली. आययू म्हणजे युनिटच.

टोपणाच्या रंगावर थांबू नका, नळीवर छापलेला ४० किंवा १०० वाचा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. रेघाही मोजू नका. १०० च्या काही सिरिंजवर एक रेघ २ युनिटची असते, म्हणून रेघेशेजारचा आकडा पाहा. चुकीची सिरिंज हातात आली तर घरी अडीचने गुणाकार-भागाकार करत बसू नका, दुकानात जाऊन बदलून आणा. आणि साखर अचानक वाढलेली राहिली, तर डोस वाढवून घेण्याआधी बाटली आणि सिरिंज दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठी झाल्यात का, हेही तेव्हाच पाहता येतं.

डोस जास्त गेल्याची शंका आली, घाम, थरथर, एकदम भूक, असंबद्ध बोलणं दिसलं, तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर खायला द्या. डोस अडीचपट गेला असेल तर साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी रुग्णालय गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

त्या आजींना शिकवताना मी औषधं आणणाऱ्या नातवाला बोलावलं नव्हतं. ते मला अजून लागतं. आता डिस्चार्जच्या दिवशी मी विचारते, ‘औषधं दुकानातून कोण आणतं?’ जो कुणी असेल त्याला बोलावून घेते आणि बाटली व सिरिंज शेजारी ठेवून, दोन्ही आकडे दिसतील असा फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये काढायला लावते. आजींच्या औषधांच्या पिशवीत आता लाल टोपणाच्या सिरिंजचं एक रिकामं पाकीट कायम असतं. दुकानात जाताना नातू तेच घेऊन जातो.