जॅग्वारच्या ऑइल प्रेशरचा काटा खाली का येतो?

जुन्या जॅग्वारच्या, म्हणजे एक्सके इंजिनाच्या गाड्यांच्या मालकांना एक धास्ती कायम असते. तासभर गाडी पळवून सिग्नलला थांबलं की ऑइल प्रेशरचा काटा 40 पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब) 20 वर, कधी 15 वर उतरतो. मग कुणीतरी जाड तेल घालायला सांगतं. ते घातलं की काटा वर जातो, मालक निर्धास्त होतो आणि इंजिनाची अवस्था आहे तशीच राहते. असं का होतं हे समजून घ्यायला 1883 सालापर्यंत मागं जावं लागतं.

त्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंता रेल्वेच्या बेअरिंगमधलं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला आधार देणाऱ्या भागातलं, घर्षण मोजत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून बाहेर येऊ लागलं. बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. अखेर तिथं गेज बसवलं. बेअरिंगवरचा भार सरासरी 100 पीएसआय असताना काटा 200 च्या पुढे गेला. त्या यंत्रात तेलाचा पंप नव्हताच. फिरणारा दांडा स्वतःच तेल निमुळत्या फटीत ओढून घेत होता आणि त्या तेलाच्या थरावर तरंगत होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये याचं गणित मांडलं, आणि बेअरिंगचं शास्त्र आजही त्याच पायावर उभं आहे.

म्हणजे क्रँकशाफ्टचा, पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचा, भार पेलणारा दाब बेअरिंगच्या आतच तयार होतो. पंपाचं काम ती फट तेलानं भरलेली ठेवण्याचं. डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो तो पंपानं ढकललेल्या तेलाला वाटेत होणारा अडथळा, बाकी काही नाही. माझ्या मते या विषयातली सगळी गफलत इथूनच सुरू होते.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर पंपही नव्हता, क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीत) उडणाऱ्या तेलावरच ती गाडी चालली. वेग आणि भार वाढले तसं दाबानं तेल पोचवणं भाग पडलं. पण बेअरिंगचा खरा कायापालट 1930 च्या दशकात झाला. तोवर व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू वितळवून जागेवर ओतत आणि कसबी हात ते तासून क्रँकशाफ्टला जुळवत. टोनी व्हँडरवेल यांनी क्लीव्हलंडच्या एका अमेरिकन कंपनीकडून पातळ, तयार शेल-बेअरिंगचा (अर्धगोल कवचांसारख्या बेअरिंगचा) परवाना मिळवला आणि लंडनच्या ॲक्टन भागात ती बनवायला सुरुवात केली. (याच व्हँडरवेल यांच्या व्हॅनवॉल संघानं 1958 मध्ये फॉर्म्युला वनची पहिली कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकली.) पातळ शेलमुळे बेअरिंग जास्त भार सोसू लागलं आणि झिजलं की बदलता येऊ लागलं.

एक्सके इंजिन या काळाचं अपत्य. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात आगीवर नजर ठेवायच्या रात्रपाळ्या असत. त्या रात्रींत विल्यम लायन्स यांनी विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांच्यासोबत या इंजिनाचा विचार पक्का केला. 1948 च्या लंडन मोटार शोमध्ये ते एक्सके 120 मधून लोकांसमोर आलं: 3,442 सीसी, सहा सिलिंडर, सात मुख्य बेअरिंग, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). ल माँची 24 तासांची शर्यत त्यानं 1951 ते 1957 दरम्यान पाचदा जिंकली आणि त्याचं उत्पादन थेट 1992 पर्यंत चाललं. गरम इंजिनाला 3000 आरपीएमवर (मिनिटाला 3000 फेऱ्यांवर) सुमारे 40 पीएसआय हा त्याचा नेहमीचा आकडा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालतं तेव्हा, पंप 3000 आरपीएमच्या मानानं जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकं तेल ढकलतो, त्यामुळे तिथं काटा उतरणारच.

वय झालं की यात झिजेची भर पडते. बेअरिंगमधली फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला आठपट तेल निसटतं. पंपाच्या भागांत ढिलाई येते, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली पडते. सुरुवातीच्या एक्सके गाड्यांत थंड इंजिनासाठी एक आपोआप चालणारा स्टार्टिंग कार्ब्युरेटर असे. त्याचा तापमानाचा स्विच अडकला की तो बंदच होत नाही, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली उतरतं आणि तेल पातळ करतं. अशा गाडीत इंजिन उतरवण्याआधी डिपस्टिकचा वास घ्यावा.

जाड तेलानं अडथळा वाढतो म्हणून काटा चढतो, पण फटीतून वाहणारं तेल कमी होतं, आणि बेअरिंगमधली उष्णता तेलानंच वाहून न्यायची असते. थंड इंजिन सुरू करताना तर गेज 60 दाखवत असतं आणि वरचे कॅमशाफ्ट अजून कोरडे असतात. 20डब्ल्यू-50 सारखी मल्टिग्रेड तेलं आली ती याच अडचणीवर: थंडीत वाहतं राहावं, तापल्यावर फार पातळ होऊ नये. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात, रहदारीत अडकलेल्या एक्सकेला हीच ग्रेड मला योग्य वाटते. त्याहून जाड तेलानं झीज फक्त झाकली जाते.

1961 च्या ई-टाइपमध्ये आणखी एक घोळ आहे. तिचं गेज विजेवर चालतं आणि इंजिनावरचा सेंडर (दाब मोजून गेजला कळवणारा भाग) बेभरवशाचा म्हणून बदनाम आहे. त्यामुळे आधी साधं मेकॅनिकल गेज जोडून, इंजिन पूर्ण तापवून, 3000 आरपीएमवर दाब बघावा. तिथंही तो बराच कमी भरला तर रिलीफ व्हॉल्व्ह तपासायचा, आणि मग संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून बेअरिंगचे शेल बघायचे.