मुक्तस्रोत प्रकल्पाचे संवादमाध्यम

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो, त्याभोवती जमलेल्या माणसांनी आपापसांत बोलण्यासाठी ठरवलेली जागा. मेल-यादी (एका पत्त्यावर धाडलेले ई-मेल सगळ्या सदस्यांना पोचवणारी सोय), चॅटची खोली, चर्चामंच, व्हिडिओ बैठक किंवा कोड ठेवलेल्या ठिकाणीच नोंदवलेल्या तक्रारींखालची चर्चा, यांपैकी काहीही चालते. अशा प्रकल्पात बहुतेकांना पगार नसतो, हजेरीपट नसतो, अनेकांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. त्यामुळे कुठे बोलायचे हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी प्रकल्प कोणाचा राहणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

गजाली आणि ठराव : मालवणीत गजाली म्हणजे निवांत गप्पा. त्यांची वही कोणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. ठरावाचे तसे नसते. कोकणातल्या बहुतेक गावांच्या मंडळांना ग्रामीण आणि मुंबई अशी दोन अंगे असतात. देवळाच्या छपराचा खर्च मुंबईच्या बैठकीत ठरतो आणि गावाला तो फोनवरून कळतो. मग शिमग्याला चाकरमानी गावी आले की ‘आमका कोणी इचारला?’ हा सवाल उभा राहतो. मुक्तस्रोत प्रकल्पांतली भांडणे बरीचशी याच जातीची. तिघे जण व्हिडिओवर बसून एखादी गोष्ट ठरवतात. चौथ्याने दोन आठवडे खपून लिहिलेला कोड नाकारला जातो आणि का, हे त्याला कुठे वाचायला मिळत नाही. अनेक मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने (स्थापना १९९९) यावर कडक शिस्त घातली : मेल-यादीवर जे झाले नाही, ते झालेच नाही असे धरायचे. मतदानही साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवायचे, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसाला उठून मत देता येते. बोटीवर नोकरी करणारे आणि आखातात राहणारे लोक घरोघरी असलेल्या या किनाऱ्याला ७२ तासांचे मोल वेगळे सांगायला नको.

इतिहास : आयआरसी ही चॅटची पद्धत १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे पुढच्या लिनक्सची, वर्दी दिली ती यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्याच्या एका गटावर. लिनक्सच्या गाभ्यातले (कर्नलमधले) बदल आजही मुख्यतः ई-मेलनेच पाठवले आणि तपासले जातात. नव्याने आलेल्यांना ही पद्धत जुनाट वाटते, पण तीस वर्षांपूर्वीचा वाद आज काढून वाचता येतो तो तिच्यामुळेच. स्लॅक (२०१३) आणि डिस्कॉर्ड (२०१५) या कंपन्यांच्या चॅट-सेवा आल्यावर तरुण प्रकल्प तिकडे वळले. मेल आणि चॅट यांच्या मधली वाट म्हणून डिस्कोर्स हा चर्चामंच २०१३ पासून रुळला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या घडणीची चर्चाही पुढे मेल-यादीवरून तिथे गेली. झुलिप या सेवेत चॅटच असते, पण संदेश विषयवार लावलेले असतात. उशिरा आलेल्याला धागा सापडावा, यासाठी ही सोय फार उपयोगी पडते आणि तिची दखल मात्र कमी घेतली जाते.

जागेची मालकी : फ्रीनोड या आयआरसी जाळ्यावर हजारो प्रकल्पांच्या खोल्या होत्या. मे २०२१ मध्ये त्याच्या मालकीवरून वाद पेटला, चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट उभे केले आणि उबुंटू, विकिमीडिया यांच्यासारख्या मोठ्या समुदायांना बिऱ्हाड हलवावे लागले. गिटर ही चॅट-सेवा २०१७ मध्ये गिटलॅब कंपनीकडे आणि २०२० मध्ये एलिमेंट कंपनीकडे गेली. स्लॅकच्या फुकट योजनेत पूर्वी शेवटचे १०,००० संदेश दिसत; सप्टेंबर २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे दिसू लागले. भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकताना मालकाला विचारावे लागते, तशातलाच हा प्रकार. स्वतःचा सर्व्हर ठेवला म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. जुन्या चर्चांची एकमेव प्रत अशा एखाद्या टेबलाखालच्या संगणकावर असती, तर ती गाळात गेली असती. निदान प्रकल्पाचे डोमेन नाव (संकेतस्थळाचा पत्ता) आपले असावे आणि चर्चांची प्रत वेळोवेळी दुसरीकडे उतरवून ठेवावी, एवढे छोट्या गटालाही जमते.

कोकणपट्टीतील अडचणी : दापोली-गुहागरच्या वाड्यांची नावे ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर चढवणारा दहा-बारा जणांचा एक गट कल्पावा. (सरकारी नकाशात गाव असते, पण ‘वरची वाडी’ कुठली हे पोस्टमनलाच ठाऊक.) असा गट पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपवर जमेल, कारण सगळे आधीपासून तिथेच असतात. व्हॉट्सॲपवर गट बनवायला मिनिटही लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. पण नंतर आलेल्याला आधीची सगळी चर्चा वाचता येत नाही, शोधयंत्रांना ती दिसत नाही आणि साध्या गटात प्रत्येकाचा मोबाइल नंबर अनोळखी लोकांपुढे उघडा पडतो. या शेवटच्या कारणाने मुली गटात येऊन गप्प राहतात किंवा येतच नाहीत. ‘लोक तिथेच आहेत’ एवढ्यावर जागा ठरवणाऱ्यांनी कोण तिथे नाही, हेही मोजायला हवे. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो आणि जुनी चर्चा नव्यांना दाखवता येते. मात्र त्याचे ॲप मुक्तस्रोत असले तरी सर्व्हरचा कोड खुला नाही आणि काही समुदायांना एवढे कारणही नकार द्यायला पुरते.

दुसरी अडचण पावसाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरेही मुके झाले होते. वादळ नसले तरी झाड तारेवर पडून दोन दिवस अंधार होणे हा पावसाळ्याचा नित्यक्रम आहे. साध्या आयआरसीत जोडलेले नसताना झालेले बोलणे हातून निसटते. मेल मात्र वाट पाहत थांबते. तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्यावे, घरी सावकाश वाचून उत्तर लिहावे, पुन्हा रेंज आली की ते निघून जाते. व्हिडिओ बैठकीला या हवामानात फारसा अर्थ उरत नाही. घ्यायचीच तर ती गणपतीत किंवा शिमग्याला प्रत्यक्षच घ्यावी आणि काय ठरले ते त्याच रात्री लिहून काढावे.

लिपी : गप्पांत मराठी बरेचदा रोमन अक्षरांत लिहिली जाते आणि एकच शब्द चौघे चार तऱ्हांनी लिहितात. देवनागरीतही एक छुपा खड्डा आहे. ‘गाऱ्हाणे’ या शब्दातला ऱ्ह युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे साठवला जातो : नुक्त्याचा ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण शोधाच्या यंत्रणेने दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय केलेली नसेल, तर निम्मी गाऱ्हाणी सापडत नाहीत. खाली गोव्याकडे गेले की पेच वाढतो, कारण कोकणी देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाते. माध्यम ठरवण्यापूर्वी त्यात असे पाच-सहा शब्द लिहून शोधून पाहावेत. गुणदोषांच्या तक्त्यात न मिळणारी माहिती या पाच मिनिटांत मिळते.

जागा किती : सुरुवातीला एकच. नव्या प्रकल्पाने मेल-यादी, डिस्कॉर्ड, टेलिग्राम आणि मंच एकदम उघडले की चार तिठ्यांवर एकेक माणूस उभा राहतो आणि प्रत्येकाला वाटते, इथे कोणीच नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने सामाईक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ हे नाव दिले. नावावरूनच नवख्याला कळते की प्रश्न इथे मांडायचा. दर्यावर्दींची पद्धतही पाहण्यासारखी आहे : व्हीएचएफ वायरलेसवर १६ क्रमांकाचे चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटकाळासाठी आणि हाक मारण्यासाठी राखलेले असते. ओ आली की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जायचे, मधे गप्पा मारत बसायचे नाही. प्रकल्प वाढला की गजालीची खोली आणि ठरावाची जागा अशाच वेगळ्या होतात. सुरक्षेतली त्रुटी कळवण्यासाठी मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा खासगी पत्ता हवा. कुलूप मोडके आहे ही बातमी चावडीवर सांगायची नसते.

वेगवेगळ्या माध्यमांना जोडणारे पूलही असतात. मॅट्रिक्स ही २०१४ मध्ये सुरू झालेली खुली पद्धत त्यासाठी विशेष वापरली जाते. पण पुलाच्या डागडुजीला कायमचा माणूस लागतो; मॅट्रिक्स आणि लिबेरा चॅट यांच्यातला सार्वजनिक पूल २०२३ मध्ये बंद पडला.

स्थलांतर : जागा बदलावी लागली तर आधी तारीख जाहीर करावी, काही काळ दोन्ही जागा चालू ठेवाव्यात आणि मग जुनी फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवावी. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने आपले आयआरसी मार्च २०२० मध्ये बंद केले, त्याआधी पर्यायांची उघड चाचणी घेऊन मॅट्रिक्स निवडले होते. जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी वर्षानुवर्षे राहू द्यावी, कारण तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या छापील पुस्तिकेत जुनाच पत्ता असतो आणि ती हातात घेऊन कोणीतरी आज येते.