चिरकारी वृक्कशोथ : दीर्घकालीन औषधयोजना

मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांचा (केशिकागुच्छांचा) दाह महिनोन्‌महिने टिकून राहिल्यास त्यास चिरकारी वृक्कशोथ म्हणतात. कोल्हापूर परिसरात बोलताना ‘किडनीला सूज’ असे म्हटले जाते. पायांवरची सूजही त्यातच गणली जात असल्याने हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये वर्णन केल्यावरून रूढ झालेले ‘ब्राइटचा रोग’ हे नाव, त्यात अनेक भिन्न विकार मोडत असल्याने, आता मागे पडले आहे.

औषधयोजनेचा पाया रॅमिप्रिल अथवा टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबावरील औषधे हा असून, ती केशिकागुच्छांतील दाब उतरवून लघवीवाटे जाणारी प्रथिने कमी करतात. सुरुवातीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी ती सहसा बंद करीत नाहीत. गर्भारपणात मात्र ती वर्ज्य होत. २०२० पासून डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाचीही त्यांना जोड मिळाली आहे.

प्रतिकारशक्ती दडपून दाह उतरवणाऱ्या स्टिरॉइडांविषयी मतभेद आहेत, विशेषतः आयजीए वृक्कविकारात (आयजीए हे प्रतिपिंड केशिकागुच्छांत साचून होणाऱ्या प्रकारात). जर्मनीतील २०१५ च्या चाचणीत, आधारभूत उपचारांना प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची जोड दिल्याने तीन वर्षांत मूत्रपिंडाच्या कार्यात लक्षणीय फरक आढळला नाही. भारतासह अनेक देशांतील दुसऱ्या चाचणीत मिथाइल-प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने गंभीर जंतुसंसर्ग वाढल्यामुळे नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. पुढे मात्रा घटवून आणि संसर्गप्रतिबंधक औषध जोडून ही चाचणी चालू ठेवली असता २०२२ मध्ये लाभ नोंदला गेला. क्षयरोगाचा आढळ असलेल्या आपल्या प्रदेशात कमी मात्रेचा, मुदतबंद वापर हेच मत अधिक ग्राह्य वाटते. स्टिरॉइड एकाएकी सोडणे धोक्याचे असते, कारण दीर्घ वापराने अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील) ग्रंथींचे स्वतःचे स्टिरॉइड-स्रवण मंदावलेले असते. ल्यूपसजन्य प्रकारात (ल्यूपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा विकार) हायड्रॉक्सीक्लोरोक्विन वर्षानुवर्षे चालते व नेत्रतपासणी आवश्यक ठरते.

रक्तदाबावरील उपरोक्त औषधांनी पोटॅशियम वाढू शकते, त्यामुळे ते आधीच वाढलेल्या रुग्णास गुऱ्हाळाच्या हंगामात काकवी व गूळ या पोटॅशियमयुक्त पदार्थांना आवर घालावा लागतो. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमांखाली ठेवणे इष्ट. घरोघरी वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी मिठासहच कुटलेली असते, म्हणून रश्श्यात वरून मीठ न घालणाऱ्याच्याही पोटात ते जातच राहते आणि प्रथिने रोखण्याचा औषधाचा गुण तेवढा उणावतो.