‘खाली बस’ म्हटल्यावर मुलं उभी का राहतात?

1968 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी वर्गात रोज ऐकू येणारं एक साधं वाक्य तपासायला घेतलं : ‘खाली बस.’ पहिलीच्या एका वर्गातल्या शिक्षकांना त्यांनी हे वाक्य नेहमीपेक्षा बरंच जास्त वेळा म्हणायला सांगितलं. ज्या मुलाला सांगितलं ते लगेच बसायचं, त्यामुळे सूचना लागू पडते आहे असंच शिक्षकांना वाटावं. पण निरीक्षकांच्या नोंदी उलटं सांगत होत्या. एकूण वर्गात मुलांचं उभं राहणं वाढलं होतं. बसून काम करणाऱ्या मुलांचं कौतुक व्हायला लागलं, तेव्हा ते कमी झालं.

लहान मुलाला मोठ्या माणसाचं लक्ष हवं असतं. ते रागातून मिळालं तरी चालतं. उठलं की बाई आपल्याकडे बघतात, नाव घेतात. गुपचूप चित्र रंगवत बसलं तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. मूल हा हिशोब मनात मांडत नाही, पण ज्या वागण्यामागून लक्ष मिळतं ते वागणं पुन्हा पुन्हा होतं. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात संशोधकांनी तीन गोष्टी एकेक करून तपासल्या : नियम सांगणं, किरकोळ खोडीकडे दुर्लक्ष करणं आणि चांगल्या वागण्याला दाद देणं. नुसत्या नियमांनी जवळजवळ काहीच बदललं नाही. खरा फरक पडला तो दाद आणि दुर्लक्ष यांची जोड दिल्यावर.

मग भिंतीवरची नियमांची पाटी फुकट का जाते? मुलांना नियम कळत नाही, असं आपण समजतो. बहुतेकदा तो कळलेला असतो. 1994 मध्ये साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. सूर्याचं चित्र दिसलं की ‘रात्र’ म्हणायचं आणि चंद्राचं दिसलं की ‘दिवस’. पाच वर्षांखालची मुलं यात फार अडखळली. चंद्र-सूर्याऐवजी अर्थ नसलेल्या नक्षीची चित्रं दाखवून हेच दोन शब्द म्हणायला लावले, तेव्हा मात्र त्यांना ते जमलं. म्हणजे नियम लक्षात राहत होता. ओठांवर आपसूक येणारं उत्तर आवरणं जड जात होतं. असं आवरून धरण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागात चालतं आणि त्या भागाची जडणघडण विशीनंतरही सुरू असते. पुढे याच प्रयोगात चित्र दाखवल्यावर मुलाला काही सेकंद मुद्दाम थांबवलं, तर चार वर्षांची मुलंही बरोबर उत्तर देऊ लागली.

मला हा शोध फार मोलाचा वाटतो. ‘ऐकत नाही’ म्हणून ज्या मुलावर आपण चिडतो, त्याला कित्येकदा फक्त थोडा वेळ हवा असतो. प्रश्न विचारून लगेच बोट न दाखवता मनात पाचपर्यंत मोजलं, की मध्येच ओरडणारी मुलंही हात वर करायला शिकतात.

‘पळू नका’ म्हटलं की मुलाला आधी पळण्याचीच कल्पना करावी लागते, मग ती दाबावी लागते आणि त्याऐवजी काय करायचं ते स्वतःच शोधावं लागतं. ‘भिंतीकडेने हळू चाला’ यात करायची गोष्ट सरळ हातात येते. तीही नुसती सांगून भागत नाही. रांग कशी लावायची, रंगपेटी कुठे ठेवायची, मदत हवी असेल तर काय करायचं, हे अक्षरांसारखंच शिकवावं लागतं : आधी स्वतः करून दाखवायचं, मग दोन मुलांना करायला लावायचं, मग सगळ्यांनी. सुट्टीनंतर पुन्हा एकदा. वर्ग नीट चालवणाऱ्या शिक्षकांचा 1980 च्या सुमारास टेक्सासमध्ये अभ्यास झाला. वर्षाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हे शिक्षक अशा सरावाला भरपूर वेळ देत असल्याचं त्यात दिसलं.

दाद देताना ‘शहाणं बाळ’ म्हणून मुलाला काही कळत नाही. ‘तू पेन्सिल मागून घेतलीस’ म्हटलं की कळतं. बक्षिसांचं मात्र जपून. 1973 मध्ये बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असं आधीच सांगितलं होतं, त्यांची चित्रांची आवड नंतर घटली. ही मुलं एरवी आपणहून चित्रं काढणारी होती. जे मूल आनंदाने करतंच आहे, त्याला चांदणी चिकटवू नये.

किरकोळ खोडीकडे दुर्लक्ष करायचं म्हणजे मारामारीकडेही करायचं, असा अर्थ अजिबात नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांनाही नियमांतला फरक कळतो, हे मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी 1981 मध्ये दाखवलं. ठरलेल्या जागी न बसणं हे ‘तसा नियमच नसेल तर चालेल’, पण दुसऱ्याला मारणं हे नियम नसला तरी वाईटच, असं ही मुलं सांगतात. म्हणून मारल्यावर ‘वर्गात मारायचं नसतं’ एवढं पुरत नाही. आधी ज्याला लागलं त्याच्याजवळ जावं, त्याला काय दुखतंय ते विचारावं आणि मारणाऱ्याला तिथेच उभं करून ते ऐकू द्यावं. मग त्याला हवं असलेलं खेळणं कसं मागायचं, ते त्याच्याकडून म्हणवून घ्यावं.