टेप एको घेतलाय? मग तेलाची बाटली लांब ठेवा

टेप एको म्हणजे गिटारचा आवाज फितीवर (टेपवर) लिहून त्याचा प्रतिध्वनी ऐकवणारं यंत्र. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टेप एकोसोबत एक वाक्य हमखास येतं: "करकर आवाज यायला लागला, म्हणून थोडं तेल सोडलं." हे पत्रक मुख्यतः त्या थोड्या तेलासाठी लिहिलं आहे. पण "इतकं जुनं यंत्र घ्यावं की पेडलवर (पायाने चालवायच्या छोट्या प्रतिध्वनी-डबीवर) भागवावं?" हेही सारखं विचारलं जातं, म्हणून आधी तेवढं सांगतो.

गिटारचा आवाज एक हेड फितीवर लिहितं, फीत पुढे सरकते आणि दुसरं हेड तो वाचतं. दोन हेडांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर आणि फितीचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर असेल, तर प्रतिध्वनी पाव सेकंदाने येतो. गणित एवढंच. खरी मजा पुढे आहे. वाचलेला आवाज परत फितीवर लिहिला जातो आणि प्रत्येक फेरीत त्याची धार थोडी झिजते. त्यामुळे तिसरा-चौथा प्रतिध्वनी तुमच्या चालू स्वराच्या अंगावर येत नाही, मागे सरकून बसतो. जोरात छेडलेली तार फीत जशीच्या तशी लिहीत नाही, तिचं टोक गोल करते. आणि मोटर कितीही चांगली असली तरी फितीच्या वेगात बारीक थरथर राहतेच. ती प्रमाणात असेल तर आवाज जिवंत वाटतो. प्रमाणाबाहेर गेली की गिटार बेसूर वाटायला लागते.

आता नावाजलेल्या टेप एकोंविषयी. वॉटकिन्स कॉपीकॅट १९५८ साली आला. एकोप्लेक्सचे पहिले दोन प्रकार व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, चालायचे आणि १९७० च्या ईपी-३ पासून ट्रान्झिस्टर आले. रोलँडचा आरई-२०१ स्पेस एको १९७४ चा. एकोप्लेक्समध्ये हेड सरकवून वेळ बदलते, तर स्पेस एकोमध्ये मोटरचा वेग बदलतो आणि वाचणारी तीन हेडं वेगवेगळ्या जोड्यांत लावता येतात. एका ठाम प्रतिध्वनीवर सोलो उभा करायचा असेल तर आम्ही एकोप्लेक्स सुचवतो. लयीत लय गुंफायची असेल, प्रतिध्वनी हाताने फिरवत खेळायचं असेल, तर स्पेस एकोला तोड नाही. ईपी-३ चा प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारा आतला भाग) इतका गोड आहे की काही जण प्रतिध्वनी शून्यावर ठेवून फक्त त्यातून गिटार वाजवतात. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

आता गैरसोयी. फितीची सूंऽऽ पार्श्वभूमीला असते आणि प्रतिध्वनी वाढवले की तीही वाढते. फीत झिजते. पायाने टेम्पो ठोकून वेळ जुळवण्याची सोय नाही. यंत्र जड आहे, धक्के सहन करत नाही. अमेरिकेसाठी बनलेली काही यंत्रं ६० हर्ट्झच्या विजेवर ठरलेल्या वेगाने फिरतात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बरोबर केलं, तरी ५० हर्ट्झवर मोटर एक-षष्ठांशाने मंदावते आणि ३०० मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी ३६० चा होतो. घेण्याआधी हे विचारा. दर आठवड्याला प्रवास करून कार्यक्रम करत असाल तर चांगलं डिजिटल पेडल घ्या, असं आम्ही स्वतःच सांगतो. टेप एको घरी किंवा स्टुडिओत, एका जागी, रोज थोडा वाजता असेल तर उत्तम राहतो.

तर तेल. फीत ओढण्याचं काम एक गुळगुळीत धातूचा दांडा, म्हणजे कॅपस्टन, आणि त्याला दाबून धरणारा रबरी रोलर करतात. ही ओढ निव्वळ घर्षणाची आहे. तिथे तेलाचा फवारा मारला की करकर थांबते, दोन दिवस बरं वाटतं, मग फीत घसरायला लागते आणि स्वर डुलतो. रबर तेल पिऊन फुगतं, ते पुन्हा मूळ आकारात येत नाही. फीत तेच तेल हेडांवर, वळणांच्या खुंट्यांवर, सगळीकडे फिरवून आणते. एरवी अर्ध्या तासात झालं असतं ते काम मग संपूर्ण यंत्र उघडण्याचं होतं. रोलर नवा, फीत नवी, आणि प्रत्येक भाग हाताने पुसायचा. कॅपस्टनच्या बेअरिंगला तेल लागतं हे खरं, पण सुईच्या टोकावरचा एक थेंब, तोही यंत्र उघडून.

करकर बहुतेकदा फीत जुनी झाल्याची, तिची पूड हेडांवर साचल्याची किंवा रबर कडक झाल्याची असते. घरी एवढंच करा: यंत्र बंद करून फीत बाजूला घ्या, कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून हेडं आणि कॅपस्टन पुसा, तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. रबराला अल्कोहोल नको, ओलसर कापड पुरे. फीत दाबण्याचा खटका असेल तर वाजवून झाल्यावर तो सैल करा, नाहीतर रोलरला एका जागी चपटेपणा येतो. फितीचा जोड साध्या चिकटपट्टीने लावू नका, तिचा गोंद पाझरतो. मापाने कापलेल्या, जोड दिलेल्या फिती आम्ही तयार ठेवतो. नियमित वाजवणाऱ्यांनी एखादी जादा जवळ ठेवावी.

आम्ही यंत्र त्याच दिवशी परत देत नाही, यावर तक्रार होते. थंड यंत्र पाच मिनिटं सुरेख चालतं. दोष तापल्यावर, तासाभराने दिसतो. म्हणून दुरुस्तीनंतर ते आमच्या टेबलावर तीन दिवस, रोज काही तास चालतं, आणि त्यानंतरच त्यावर आमची चिठ्ठी लागते.

तेल आधीच पडलं असेल तर यंत्र पुन्हा चालवून पाहू नका, आहे तसं आणा. सोबत त्या तेलाचा डबाही आणा. सिलिकोनचं तेल आणि शिलाई मशीनचं तेल काढायची रीत वेगळी आहे, आणि नेमकं कोणतं पडलं हे पहिल्याच दिवशी कळलं तर तुमचे दोन-तीन दिवस वाचतात.