देवदूताला नाव मिळालं तेव्हा

मानोहाने पाहुण्याला नाव विचारलं. बायको गरोदर राहील, मुलगा होईल, अशी बातमी घेऊन तो आला होता. तो देवाचा दूत आहे हे मानोहाच्या लक्षात आलं नव्हतं; बातमी खरी ठरली की तुमचा सन्मान करता यावा, म्हणून त्याला नाव हवं होतं. पाहुणा म्हणाला, माझं नाव कशाला विचारतोस, ते अद्‌भुत आहे. बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकातला, शमशोनाच्या जन्माआधीचा हा प्रसंग. देवदूत आणि आद्यदेवदूत, म्हणजे प्रमुख देवदूत, यांच्यातला फरक समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. हुद्द्याची भाषा पुष्कळ नंतर आली. पहिला फरक पडला तो नावामुळे.

हिब्रूतल्या ‘मलाख’ या शब्दाचा अर्थ निरोप्या. राजाने पाठवलेल्या माणसालाही हाच शब्द. ग्रीक ‘अँगेलोस’चा मूळ अर्थही तोच. मराठी ‘दूत’ने तो जसाच्या तसा राखला आहे; अंगदाची शिष्टाई ऐकत वाढलेल्या वाचकाला दूत कोण हे समजावून सांगावं लागत नाही. जुन्या कथांतले हे दूत माणसांसारखे येतात-जातात. अब्राहाम तंबूच्या दारी आलेल्या तिघांना झाडाखाली बसवतो, दही, दूध आणि कोवळ्या वासराचं मांस वाढतो, आणि ते जेवतात. पंखांचा उल्लेखच नाही. पंख आहेत ते करूब आणि सराफीम या वेगळ्या स्वर्गीय जीवांना, आणि त्यांचं काम निरोप पोहोचवणं हे नव्हे: करूब एदेन बागेच्या वाटेवर पहाऱ्याला, तर सहा पंखांचे सराफीम देवाच्या सिंहासनापाशी. ख्रिस्ती चित्र-शिल्पांत देवदूतांना पंख दिसू लागतात ते चौथ्या शतकाच्या अखेरीस.

नावं येतात बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात. कथा ज्यू लोकांच्या बाबेलमधल्या (बॅबिलॉनमधल्या) बंदिवासातली आहे. पुस्तकाचं अंतिम रूप मात्र बहुतेक अभ्यासक इ.स.पू. 165च्या सुमाराचं मानतात. इथे गब्रीएल दृष्टान्ताचा अर्थ उलगडून सांगतो, आणि मीखाएल हा ‘मुख्य अधिपतींपैकी एक’ म्हणून ओळखला जातो. पारसाचा (इराणचा) एक स्वर्गीय अधिपती, ग्रीसचा एक, आणि इस्राएलाच्या पाठीशी मीखाएल. राज्य गमावलेली ही माणसं बाबेल, पारस, ग्रीस अशा एकामागून एक साम्राज्यांखाली जगली. दरबार, सरदार, सुभेदार त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या कल्पनेतल्या स्वर्गातही दरबार भरला याचं मला नवल वाटत नाही. देवदूतांची नावं ज्यू लोकांबरोबर बाबेलहून आली, असं यरुशलेमच्या तालमूद या ज्यू धर्मग्रंथातच नोंदवलेलं आहे.

बायबलमधला पूर्वज हनोख याच्या नावावरचा ज्यू ग्रंथ आणखी पुढे जातो. इथिओपियाच्या चर्चने तो गीझ या तिथल्या जुन्या भाषेत जपला, आणि मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे सापडले. त्यात उरीएल, रफाएल, रगुएल अशा थोर दूतांची यादी आहे आणि प्रत्येकाकडे एकेक खातं सोपवलेलं आहे.

या काळातला मला सगळ्यात प्रिय प्रसंग ‘तोबीत’ या ग्रंथातला. तरुण तोबीयाला लांबच्या प्रवासाला सोबत हवी असते. एक अनोळखी माणूस तयार होतो, आपलं नाव अजऱ्या असं सांगतो. आंधळा बाप त्याचं कूळ विचारतो, मग मजुरी ठरते: दिवसाला एक द्राख्मा आणि वरखर्च. दोघं निघतात, मागून कुत्राही चालू लागतो. वाटेत तो तोबीयाला मासा पकडायला लावतो. त्याच माशाच्या पित्ताने पुढे बापाची दृष्टी परत येते. परतल्यावर बापलेक ठरल्याहून जास्त पैसे देऊ लागतात, तेव्हा कुठे तो सांगतो, मी रफाएल, देवापुढे उभ्या असणाऱ्या सात दूतांपैकी एक. रोजंदारीवर चालत आलेला आद्यदेवदूत!

खुद्द ‘आद्यदेवदूत’ हा शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, फक्त दोनदा येतो, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात. त्यातही नाव एकट्या मीखाएलाचं. येशूची आई मरीया हिच्याकडे आलेल्या गब्रीएलाला शुभवर्तमानकार लूक नुसता देवदूतच म्हणतो. मूळ ग्रीक शब्दातल्या ‘आर्खे’त आरंभ आणि सत्ता हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी ‘आद्य’मध्ये आरंभाकडे झुकाव जास्त, त्यामुळे हा दूत सगळ्यात आधी निर्माण झाला असं वाचकाला वाटू शकतं. मूळ रोख प्रमुखपणावर आहे.

इ.स. 500च्या सुमारास एका लेखकाने, प्रेषित पौलाचा अथेन्समधला शिष्य दियोनीसियस याचं नाव घेऊन, स्वर्गाच्या नऊ पायऱ्या मांडल्या. सर्वांत वर सराफीम, मग करूब. आद्यदेवदूत खालून दुसरे आणि साधे देवदूत तळाला! म्हणजे स्वर्गाच्या सैन्याचा सेनापती मीखाएल आठव्या पायरीवर. नाव पौलाच्या शिष्याचं असल्यामुळे मध्ययुगीन पंडितांनी ही उतरंड शिरोधार्य मानली. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने मात्र ती साफ नाकारली.

पोप ग्रेगरी यांनी 590 नंतरच्या एका प्रवचनात केलेला उलगडा मला अधिक पटतो. देवदूत हे कामाचं नाव आहे, स्वभावाचं नव्हे. लहान निरोप आणणारे ते देवदूत, सर्वांत मोठे निरोप आणणारे ते आद्यदेवदूत. म्हणूनच मरीयेकडे गब्रीएल पाठवला गेला.

पुढे नावं इतकी वाढली की आवर घालावा लागला. फ्रँक लोकांत फिरणाऱ्या आल्डेबर्ट नावाच्या उपदेशकाने प्रार्थनेत आठ नावं घेतली होती. 745मध्ये रोमच्या धर्मसभेने ती प्रार्थना धिक्कारली आणि तीनच नावं मान्य केली: मीखाएल, गब्रीएल, रफाएल. ‘तोबीत’ प्रॉटेस्टंट बायबलात नसल्याने रफाएल तिथे गळतो. कुराणात जिब्रील आणि मीकाल ही नावं येतात, आणि आपल्या ओळखीचा फारसी ‘फरिश्ता’ही मुळात ‘पाठवलेला’च.

माहीमचं आणि हणजूणचं चर्च मीखाएलाच्याच नावाचं. कॅथलिक पंचांगात गब्रीएल आणि रफाएल यांचे सण पूर्वी वेगळे होते. 1969च्या फेररचनेत तिघांचा मिळून एकच सण ठरला, 29 सप्टेंबर. आणि 2001च्या व्हॅटिकनच्या एका मार्गदर्शिकेने सांगितलं की या तिघांखेरीज कुठल्याही देवदूताला, अगदी आपल्या राखणदार दूतालाही, नाव ठेवण्याची प्रथा टाळावी.