कोंबडीचं पीस आणि चमचाभर व्हिनेगर

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, जवळ आलं की बडोद्यात रस्त्याकडेला पतंगाची दोरी पाजणारे, म्हणजे दोऱ्यावर मांजा चढवणारे, बसतात. ताणून धरलेला सुती दोरा आणि हातात गुलाबी लुगदी. लुगदीत खळ, काचेची पूड आणि रंग असतो. खळ वाळली की रंग दोऱ्यावर बसतो. त्याच सुमारास मराठी घरांतली मुलं तिळगुळाबरोबर द्यायची भेटकार्डं करायला घेतात आणि कुणाला तरी कार्डावर रंगीत पीस लावायची हुक्की येते. कोंबडीचं पांढरं पीस खायच्या रंगाच्या पाण्यात बुडतं, बाहेर येतं, थेंब ओघळून जातात आणि पीस जवळजवळ पांढरंच राहतं.

यात पहिली अडचण तेलाची. पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातलं तेल तो चोचीनं पिसांना चोपडत असतो. त्यात पिसाची घडणही पाण्याला दाद न देणारी. मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी तंतू, तंतूंना उपतंतू आणि उपतंतूंना बारीक आकडे, जे शेजारच्या उपतंतूत चेनसारखे अडकतात. म्हणूनच विस्कटलेलं पीस बुडाकडून टोकाकडे चिमटीतून ओढलं की पुन्हा सांधतं. या जाळीत हवा कोंडलेली असते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पीस चांगलं चोळलं, की तेल सुटतं, हवा निघते आणि पीस एकदम मलूल, अर्धपारदर्शक दिसू लागतं. घाबरू नये. पिसात पांढरा रंग असा नसतोच. आतल्या हवेच्या पोकळ्या सगळा प्रकाश विखुरतात म्हणून ते पांढरं दिसतं. वाळलं की पांढरेपणा परत येतो.

दुसरी अडचण रसायनाची, आणि खरी गंमत तिथेच आहे. मांजाचा दोरा म्हणजे कापूस, म्हणजे सेल्युलोज. पीस म्हणजे केराटिन, आपल्या नखा-केसांच्या जातकुळीतलं प्रथिन. प्रथिनात काही गट धन विद्युतभार घेऊ शकतात, काही ऋण. पाणी आंबट केलं की आम्लातले धनभारित हायड्रोजन आयन प्रथिनाला येऊन चिकटतात. ऋणभार विझतो, धनभार उरतो. खायच्या रंगांपैकी बहुतेकांच्या रेणूंवर सल्फोनेट नावाचे ऋणभारित गट असतात. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात आणि रंग पिसाला धरून बसतो. व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के असेटिक आम्ल असतं. कपभर रंगाच्या पाण्याला एक-दोन चमचे पुरतात. लोकर आणि रेशीम याच तत्त्वावर रंगतात. सुती कापडावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण सेल्युलोजला हा धनभार येतच नाही.

पाणी वाफाळतं गरम हवं, पण उकळी नको. उष्णतेनं केराटिन थोडं फुगतं आणि रंगाचे रेणू आत शिरतात. उकळत ठेवलं तर पीस वेडंवाकडं होतं. पंधरा-वीस मिनिटांत पाण्याकडे नीट बघावं. रंग बेताचा घातला असेल तर पाणी फिकं होत जातं आणि पीस गडद. गडद दिसतंय म्हणून लगेच बाहेर काढू नका असं मी नेहमी सांगते, कारण ओलं पीस वाळल्यावर दिसतं त्यापेक्षा गडदच दिसतं.

डबीवरचं नाव वाचायची सवय इथे कामी येते. पिवळ्यासाठी टारट्राझिन, निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू, लालसाठी कार्मोइसिन, हे छान चढतात. गुलाबी रंगात एरिथ्रोसिन असेल तर गडबड होते. त्यात सल्फोनेट नाही, त्यामुळे फार आंबट पाण्यात तो विरघळलेला राहत नाही, गाळ होऊन तळाशी बसतो. हिरवा बहुधा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो. दोन्ही एकाच वेगानं चढतील असं नाही, म्हणून पीस कुठे पिवळसर तर कुठे निळसर निघतं. मला तसंच आवडतं.

रंगलेलं पीस खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात टाकून पाहा. आम्ल गेलं की धनभार गेला, आणि रंग पुन्हा पाण्यात उतरू लागतो. हळदीचं मात्र वेगळं: ती व्हिनेगरशिवायही चढते, पण सोडा लागताच लालसर होते आणि उन्हात लवकर विटते.

रंगाईचं हे शास्त्र बडोद्यात जुनं आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्यानं इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, त्यामागे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर होते आणि रंगाई हा तिथल्या शिकवणीचा भाग होता. याच गज्जरांनी पुढे मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर फासलेलं डांबर काढून दाखवलं.

काळ्या-तपकिरी पिसांच्या नादी लागू नये. त्यांच्यात मेलॅनिन नावाचं गडद रंगद्रव्य असतं आणि वरून चढवलेला रंग पारदर्शक, त्यामुळे फरक दिसतच नाही. मोरपीस तर रंगवूच नये. त्याचं निळं-हिरवं रंगद्रव्यातून येत नाही. उपतंतूंमधल्या मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांच्या रचनेवरून प्रकाश परततो, तेव्हा ते रंग उमटतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं १६६५ मध्येच नोंदवलं होतं की मोरपीस भिजवलं की तो रंग जातो.

गॅलरीत पडलेली पारव्याची पिसं मुलांना देऊ नयेत. त्यांच्याबरोबर किडे आणि विष्ठेची धूळ येते. कार्डावर लावताना फेव्हिकॉल फक्त दांडीला लावावा. तंतूंना लागला तर ते गोळा होऊन चिकटतात, आणि मग कितीही चिमटीतून ओढा, आकडे पुन्हा अडकत नाहीत.